तिसऱ्या ओळीपर्यंत

नाकावर गुंडाळलेल्या कागदी चिकटपट्टीचा एक वेढा जास्त झाला होता की काय... ऑर्विनने रॉकेटचं ते निमुळतं प्लॅस्टिकचं नाक मुठीत धरलं, खालची नळी तशीच लोंबकळू दिली आणि हलकेच हिसका दिला. सुटलं नाही. आणखी एक हिसका — आणि नाक अलगद सुटून हातात आलं. बरोबर. इतकंच हवं. सैल असलं तर वर जातानाच निघतं; घट्ट असलं तर वर गेल्यावर आतली हवाई छत्री बाहेर पडत नाही, आणि मग काय होतं ते त्याने दुसऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं होतं — कापणी झालेल्या बार्लीच्या शेतात पडलेला खड्डा आणि त्याभोवती कुणी गेल्यासारखी गप्प उभी माणसं.

दुसऱ्यांच्या बाबतीत. त्याचं स्वतःचं काही कधी इतकं वर गेलंच नव्हतं.

रॉकेटच्या मोटरींना अक्षरं असतात, आणि अक्षर एकेक पुढे सरकलं की जोर दुप्पट होतो. ऑर्विन वीस वर्षं 'सी' आणि 'डी'मध्ये रमला होता — रमला होता, असं तो म्हणायचा. त्या मोटरी अंगठ्याएवढ्या, त्यांचं रॉकेट फुस्स करून उठायचं आणि हाकेच्या अंतरावर उतरायचं. मैदानावर रॉकेटं सोडायच्या सळयांच्या तीन ओळी असतात, मोटर जितकी मोठी तितकी ओळ लांब. पहिली ओळ अगदी तपासणीच्या टेबलांसमोर. "पहिली ओळ शाळकरी पोरांची आणि ऑर्विनची," असं डेल्मर एकदा कर्ण्यावरून म्हणाला होता आणि सगळे हसले होते, ऑर्विनही हसला होता, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ. चार वर्षांपूर्वी 'एच' उडवून त्याने परवान्याची पहिली पायरी ओलांडली, दुसऱ्या ओळीपर्यंत एकदा चालत गेला, आणि नंतर परत आपल्या जागी येऊन बसला. आज 'जे' होती, दुसऱ्या पायरीची परीक्षा. आज तिसरी ओळ.

आणि तपासायला डेल्मर.

हेच तर हवं होतं. पास तर व्हायचंच होतं, पण पास होण्याहूनही... कसं सांगावं... दोघांनी एकाच दिवशी, गावातल्या शाळेमागच्या पटांगणात पहिलं रॉकेट उडवलं होतं. डेल्मर तेव्हा ट्रॅक्टर विकायचा, मी वाचनालयात नोकरीला होतो. तो अक्षरामागून अक्षर चढत 'एम'पर्यंत गेला, त्याची रॉकेटं माणसापेक्षा उंच झाली, रॉकेट क्लबने त्याला तपासनीस केलं. आणि मी लेखी परीक्षेत एकही उत्तर न चुकवणारा माणूस म्हणून राहिलो. डेल्मर तपासतो तेव्हा त्याचा चेहरा बदलतो. थट्टा निघून जाते, डोळे बारीक होतात. मागच्या सप्टेंबरात त्याने क्लबातल्या मार्लिसच्या रॉकेटचा पंख दाबून पाहिला, आणि चार माणसांदेखत नापास म्हणून ते तिच्या हातात परत दिलं. ऑर्विनला तिची दया आली होती, आणि तिचा हेवाही वाटला होता. त्या बारीक डोळ्यांनी एकदा, एकदाच, माझ्या हातच्या कामाकडे बघावं — एवढ्यासाठी हिवाळाभर तळघरात बसून त्याने पंख घासले होते.

"हे तुझंच ना रे?" उड्डाणाआधीच्या टेबलावर डेल्मरने विचारलं. "की वाचनालयातून आणलंस, परत करायच्या बोलीवर?"

"माझंच आहे."

"छत्री लहान वाटते."

"हिशेब केलाय मी. मोठी लावली तर वाऱ्याने मक्यात जाईल."

"जाईना का. शोधू की. चार माणसं लावू."

"नको."

डेल्मरने त्याच्याकडे पाहिलं. "तुझी मर्जी, बाबा," म्हणाला आणि कागदावर खूण केली.

हिशेब केला होता हे खरं. पण हिशेबाला सुरुवात कुठून झाली?... शेताच्या कडेला दोन पुरुष उंच मका अजून उभा होता. त्यात गेलेलं रॉकेट कधीकधी कापणीपर्यंत सापडत नाही. त्या मक्यात हरवायचं नाही, कुणाला माझ्यासाठी शोधायला लावायचं नाही — हे आधी ठरलं, आणि आकडे मग त्याच्या मागून मुकाट आले. लहान छत्री, म्हणजे जवळ उतरेल. लहान छत्री, म्हणजे जोरात उतरेल. हे दुसरं वाक्यही त्याला माहीत होतं, फक्त त्याने ते हळू आवाजात वाचलं होतं.

तिसरी ओळ खरोखरच लांब होती. बार्लीची खुंटं बुटाखाली करकरत होती, रॉकेट लहान मुलासारखं कडेवर, आणि मागे वळून पाहिलं तर टेबलांजवळची माणसं इतकी बारीक की त्यांच्यात डेल्मर कोणता ते कळेना. इथून बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं... मग परतणं, कर्ण्यावरची उलटी मोजणी, आणि तो आवाज. फुस्स नव्हे. छातीच्या फासळ्यांवर कुणी आतून थाप मारावी तसा. आणि त्याच क्षणी, इतक्या वर्षांनी आलेल्या त्या क्षणी, त्याचे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा वर नुसती धुराची पांढरी काठी उभी होती.

छत्री उघडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खाली येत होतं, मक्यापासून दूर, सरळ, हिशेबाबरहुकूम — आणि भरभर. फार भरभर.

चीर त्याला रॉकेट जिथे पडलं तिथेच दिसली. तिसऱ्या पंखाच्या मुळाशी, इपॉक्सी गोंदाच्या सांध्यात, तांदळाचे दोन दाणे लांबीला लांबी लावून ठेवावेत एवढी. दाबलं की पंख किंचित हलत होता. पास होण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो: आत्ता, याच घडीला, काही न जोडता, न चिकटवता पुन्हा उडवता येईल का? नाही. येणार नाही. परत चालत येताना त्याला आश्चर्य वाटलं, की फारसं वाईट वाटत नव्हतं. डेल्मर पंख दाबेल. डोळे बारीक करील. "पुढच्या वर्षी ये," म्हणेल. आणि मी येईन.

डेल्मरने रॉकेट हातात घेतलं. नळी फिरवून पाहिली. पहिला पंख दाबला, दुसरा दाबला. मग त्याचा अंगठा तिसऱ्या पंखावरून खाली सरकला, मुळाशी आला, आणि थांबला. नेमका चिरेवर. हजार पंख दाबलेला अंगठा तो, त्याला कळलं नसेल असं कोण म्हणेल? त्याने दाब दिला नाही. तिथेच टेकून राहिला, जखमेवर कापूस धरावा तसा.

"झकास," डेल्मर म्हणाला. चेहरा बदललाच नव्हता. "झालास की पास, म्हाताऱ्या." दुसऱ्या हाताने त्याने सही केली. जो कुणी पास होतो त्याच्या पाठीवर थाप मारून "पुढचं अक्षर कधी?" असं विचारायची डेल्मरची रीत आहे. त्याने थाप मारली. म्हणाला, "आता घरी जाऊन जरा पाय वर करून बस."

बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण लोक हात मिळवत होते, आणि ऑर्विन "थँक यू, थँक यू" म्हणत राहिला.

मार्लिस डबा घेऊन आली. "घ्या, ऑर्विन. परसातल्या रुबार्बच्या वड्या आहेत. आज तुम्हाला दोन."

"तू आज पुन्हा उडवतेयस ना?"

"शेवटची पाळी माझीच. मागच्या वर्षी कसं परत पाठवलं होतं मला, आठवतं? ट्रकमध्ये बसून रडले होते. मेल्याचं तोंड बघणार नाही म्हटलं होतं."

"आणि आता?"

"आता काय..." ती वडीचा चुरा झटकत म्हणाली. "मी परत येईन हे त्याला माहीत होतं. नाहीतर दिलं असतं सोडून."

ती सहज बोलून गेली. वडी गोड होती, आंबट होती, आणि अर्धी हातात तशीच राहिली. म्हणजे डेल्मरनेही हिशेब केला होता. वारा, छत्री, ऑर्विनचे गुडघे, त्याची चौऱ्याहत्तर वर्षं, पुढचा सप्टेंबर उजाडेल की नाही... आकडे मागून मुकाट आले असतील.

ट्रकमध्ये बसून त्याने रॉकेट मांडीवर आडवं घेतलं. खिशात सही केलेलं परवान्याचं कार्ड होतं. याहून मोठी मोटर आता मी विकत घेऊ शकतो. काचेतून मार्लिस दिसत होती, रॉकेट कडेवर घेऊन तिसऱ्या ओळीकडे चाललेली, लहान लहान होत. टेबल त्याहून किती जवळ होतं. उठायचं, चार पावलं जायचं आणि म्हणायचं, डेल्मर, परत बघ. नीट बघ. तो म्हणेल, "काय बघू?" आणि मग मला दाखवावं लागेल. की तो काहीच म्हणणार नाही, फक्त थकलेल्या माणसासारखा बघेल...

त्याने दार उघडलं. एक पाय खुंटांवर टेकवला. कर्ण्यावर उलटी मोजणी सुरू झाली. चीर कुठे आहे ते चाचपायला त्याने अंगठा तिसऱ्या पंखाच्या मुळाशी नेला, आणि तो तिथे इतका बरोबर बसला की चीर पार झाकली गेली. तिकडे तो आवाज झाला. या वेळी डोळे उघडे होते, पण ते वर गेले नाहीत. तो अंगठ्याकडेच बघत होता, आणि अंगठा नक्की कुणाचा आहे हे त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं.