नास्तिकाची भुताची खोली

सात वर्षं. सात वर्षं काकांच्या घरची भुताची खोली मी करतोय. आणि यंदा मला सांगतात, तू हात लावायचा नाहीस!

नीट सांगतो. वर्षअखेरच्या सुट्टीत आमचं सगळं खानदान थोरल्या काकांकडे जमतं. दिव्यांच्या माळा, गोडधोड, पत्ते. जेवणं झाली की भर दुपारी मागच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करायचा आणि एकेकाला आत सोडायचं. मी सोफे दुरुस्त करतो. काळं अस्तर, स्प्रिंगा, फोम, सगळं माझ्या दुकानातलं. तीन आठवडे राबतो. वर्षभर मी वाट बघतो ती याचीच, खोटं कशाला बोलू.

यंदा जेवणाआधी काकांनी सगळ्यांना हात जोडायला लावले. मी नुसता उभा. दरवर्षी तसाच असतो. यंदा त्यांनी पाहिलं.

"काय रे, हात दुखतात?"

"नाही काका. मी देव मानत नाही."

"झालं," आई पुटपुटली. "घातलास घोळ."

"आणि भूत मानतोस?"

"तेही नाही."

"मग भुताची खोली कसली करतोस? ढोंग नुसतं! हा सण, हे दिवे, तुझं काय काम इथे?"

"काका, नाटकात राजा होणाऱ्याला घरी राज्य असावं लागतं का?"

"जीभ आवर. यंदा खोली दादा करेल. त्याची श्रद्धा आहे."

दादा म्हणजे काकांचा मुलगा, विमा कंपनीत कारकून. साधा खिळा ठोकायचा तर अंगठा सुजवून घेतो. सामान माझं, घाम माझा आणि श्रद्धा दादाची! अर्धं जेवण ताटात टाकून उठलो.

तरी सांगायला गेलो, "आत मी मांडून ठेवलीय ना, त्या मोठ्या खुर्चीत बसू नकोस, दादा, ती..."

"माहितीये रे मला," म्हणाला आणि चादर पांघरून आत गेला.

पाच मिनिटांत बाहेर. चादर पायात, तोंड पांढरंफटक. "मी उठलो... आणि खुर्ची श्वास घ्यायला लागली!"

पोरं रडायला लागली. काका माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बघा! नास्तिकाचा हात लागला, म्हणून आलं घरात."

माझं डोकंच फिरलं. "एकदा ठरवा तरी काका! मी मानत नाही म्हणून मला खोटं भूत करता येत नाही, की मी मानत नाही म्हणून खरं येतं?"

खुर्ची ओढत हॉलमध्ये आणली. बसलो. उठलो. सुस्स्स्स. रेक्झिनला मागून एक बारीक भोक ठेवलंय. माणूस उठला की दबलेला फोम फुगतो आणि त्या भोकातून हवा ओढतो. दोन दिवस घालवले होते मी त्या आवाजावर.

आत्या, जी पहाटे उठून तासभर प्रार्थना करते, ती हसून हसून खाली बसली. "अरे दादा, गादीला घाबरलास?" दादाही ओशाळून हसला.

काका नाही हसले. म्हणाले, "बरं. एकदा हात जोड. मनात काही असो नसो. मग जा, कर तुझी खोली."

पोरं रांगेत उभी. आई डोळ्यांनी सांगतेय, जोड रे बाबा. दोन सेकंदांचं काम. हात उचललेही मी अर्धे.

मग खाली सोडले. "नाही काका. मनात नसताना जोडले तर ते ढोंग. मघाशी तुम्हीच शिकवलंत."

काकांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडले.

"जाऊ दे," आत्या म्हणाली. "इथेच बस आणि गोष्ट सांग. घाबरवायला भिंती लागतात होय?"

लख्ख उजेड, समोर उष्टी ताटं. रागाने आवाज थरथरत होता, तसाच सुरू झालो. एक बाई, रिकामं घर, जिन्यावर ओली पावलं. भाची आत्याला बिलगली. दादाने पाय वर घेतले.

आतून काकांचा आवाज आला. "जरा मोठ्याने सांग. इकडे नीट ऐकू येत नाही."

मी मुद्दाम आवाज आणखी खाली आणला.