ऑरिनच्या मांडीवरचा चेंडू

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा ऑरिन स्टेन्सरूड आमच्या गावचा न्हावी. विस्कॉन्सिनमधलं आमचं गाव लहान, दुसरं दुकान नाही, म्हणून लोक त्याचं सगळं चालवून घेतात. दुकानात टीव्हीवर कायम गोल्फ. पडद्यावर कोणी शेवटच्या हळुवार फटक्यासाठी वाकला की ऑरिन कात्री वर धरून थांबतो, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाईकानेही श्वास रोखावा अशी त्याची अपेक्षा असते. एकदा आमचे पाद्री अर्ध्या गालाला साबण लावून ताटकळले होते, त्यांना नेमकी तेव्हाच शिंक आली. ऑरिनने त्यांच्याकडे असं पाहिलं, की तेच त्याची माफी मागून मोकळे झाले.

या गोल्फवाल्यांत ऑरिनचं कुलदैवत म्हणजे किप रॅन्सडेल. टेक्ससचा पोरगा, तिशीही न गाठलेला. तो घालतो ती टोपी ऑरिनच्या डोक्यावर, तो पितो ते निळं सरबत ऑरिनच्या फ्रिजमध्ये. माझी बहीण मार्लिस, जिने उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला, तिचं गोल्फबद्दलचं मत एका वाक्याचं आहे: इतकं चांगलं कुरण आणि एक गाय नाही.

मग एका बियाण्यांच्या कंपनीने आमच्यापासून तासाभरावरच्या मैदानात मोठी स्पर्धा भरवली आणि त्यात किप येणार असं जाहीर झालं. ऑरिनने शनिवारी दुकान बंद ठेवलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नादिवशीही तो सकाळी दोन डोकी कापूनच चर्चमध्ये आला होता, याची मार्लिसने त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, लग्न काय, पुन्हाही होऊ शकतं.

गाडी माझी, म्हणून मीही गेले, आणि मार्लिसही आली.

बसायची जागा ऑरिनने आधीच हेरून ठेवली होती. किप चिडला की त्याचा फटका उजवीकडे भरकटतो, आणि चौदाव्या छिद्रापर्यंत तो कशावर ना कशावर चिडलेला असतोच, असा त्याचा अभ्यास. म्हणून त्या चौदाव्या छिद्राकडे जाणाऱ्या गवती पट्ट्याच्या वळणावर, उजव्या हाताला, दोरीला अगदी लागून आम्ही घडीच्या खुर्च्या मांडल्या. आमच्या मागे झाडी होती आणि तिच्यापलीकडे ओढा.

तिथून मी देशातले नामांकित गोल्फवाले हाताच्या अंतरावरून पाहिले. टीव्हीवर ते उंच दिसतात. जवळून पाहिलं तर त्यातले निम्मे आमच्या बँकेतल्या कारकुनांसारखे दिसतात, फक्त पँट जास्त पांढरी. शंभर पावलांवर झेंडा फडफडत असतो, वारा कुठला हे आंधळ्यालाही कळावं, तरी प्रत्येक जण चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतो आणि ते कुठे पडतं हे गंभीर चेहऱ्याने पाहतो. मग त्याचा पिशवीवाला, ज्याला ते कॅडी म्हणतात, तोही गवत उपटतो. मग दोघं वहीत बघतात. एवढं झाल्यावर चेंडू वाळूत जातो. एका दणकट गड्याला तर कॅडीने केळं सोलून दिलं. मार्लिस म्हणाली, आमच्या बालवाडीतली पोरं स्वतः सोलायची.

मधेच हातात ‘शांतता’ लिहिलेल्या पाट्या धरलेले स्वयंसेवक हात वर करत आणि हजारो माणसं गप्प होत. चेंडू उडाला रे उडाला की मागचा कुणीतरी बिअर प्यायलेला इसम खाण्याच्या पदार्थाचं नाव घेऊन बोंबलायचा. त्यातही जास्त करून बटाटा. का ते कोणी विचारत नाही, आमच्याकडे ही रीतच आहे.

दुपारी किप आला. ऑरिनने मांडीवर तळलेल्या चीजचा कागदी द्रोण घेतला होता, त्याचं खाणंच थांबलं. टेकाडावरून किपने फटका मारला. तो चिडलेला होता, ऑरिनचा अभ्यास बरोबर निघाला. चेंडू आमच्याच दिशेला वळला. अशा वेळी फटका मारणाऱ्याने ओरडून सावध करायचं असतं, हे मलाही ठाऊक आहे. किपने नुसता उजवा हात लांब केला, बस थांबवावी तसा.

चेंडू ऑरिनच्या खांद्याजवळच्या हाडावर आदळला. काटकी मोडल्यासारखा आवाज आला. मग तो घरंगळत खाली आला आणि मांडीवरच्या द्रोणात, चीजच्या तुकड्यांमध्ये जाऊन बसला.

मार्लिस उठली. पाटीवाल्याने तिला थांबवलं. कोणी काही हलवू नका, नियमवाल्या बाई, म्हणजे पंच, येताहेत, असं तो सांगू लागला. ऑरिनचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, पण तो अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा निश्चल होता.

किप आणि त्याचा कॅडी चालत आले. चालतच, घाई कुणालाच नव्हती. किपने द्रोणात डोकावून पाहिलं.

"कोणी हात लावला का याला?" त्याने विचारलं.

त्याच्या मागोमाग गवती टोपीतल्या नियमवाल्या बाई आल्या. चेंडू माणसाच्या अंगावर थांबला असेल तर त्याच्या बरोबर खाली, जमिनीवर खूण करायची आणि तिथून दंड न लागता खेळायचं, असा नियम निघाला. म्हणजे झाडीत, कदाचित ओढ्यात गेला असता तो चेंडू आता ऑरिनच्या खुर्चीखालच्या छान सपाट गवतावरून मारायचा. किपचा चेहरा उजळला. खूण होईपर्यंत ऑरिनने उठू नये, असं बाईंनी फार नम्रपणे सांगितलं.

तेव्हा मार्लिसने द्रोणात हात घातला, चेंडू उचलला आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन लावली.

"माझ्या नवऱ्याला कसं वाटतंय, हे विचारलंस की मिळेल," ती किपला म्हणाली.

तिच्या या आवाजाला दोनशे पोरं घाबरत. किपने बाईंकडे पाहिलं. बाईंनी शांतपणे सांगितलं, की चेंडू परत मिळत नसेल तर खेळाडू दुसरा घेऊ शकतो, दंड नाही. कॅडीने खिशातून नवा काढला. लोक हसले. आजींनी ठेवून घ्यावा तो, आठवण म्हणून, असं किप म्हणाला, आणि लोक आणखी हसले. मार्लिसचे कान लाल झाले.

मग ऑरिन बोलला. या पोराशी कधी भेट झालीच तर काय बोलायचं, हे तो कित्येक वर्षं दुकानात घोकत होता. डावी टाच कशी ठेवावी, पकड कशी असावी, काय काय सल्ले होते त्यात. त्यातलं काही आलं नाही.

"आवाज का दिला नाहीस रे?" त्याने विचारलं.

हळूच विचारलं, रागाने नाही. किप क्षणभर गोंधळला, जणू खुर्चीच बोलली. मग म्हणाला, "आजोबा, हात केला होता ना मी."

"हात मला दिसत नाही एवढ्या लांबून," ऑरिन म्हणाला.

तेवढ्यात खूण झाली. आम्ही दोघींनी ऑरिनला धरून उठवलं. किपने सुंदर फटका मारला, चेंडू झेंड्याजवळ थांबला, टाळ्यांचा कडकडाट झाला, मागून बटाट्याचं नाव आलं. ऑरिनने टाळ्या वाजवल्या नाहीत. एका हाताने वाजतही नाहीत म्हणा, पण तो तिकडे बघतही नव्हता.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने हाड दाबत विचारलं, किपने चेंडू कुठल्या काठीने मारला होता? मार्लिसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तशी त्याने निमूट पट्टी बांधून हात गळ्यातल्या झोळीत अडकवला. संध्याकाळी टीव्हीवर किपने मुलाखत दिली. आज नशिबाने साथ दिली, असं तो म्हणाला.

रविवारी सकाळी स्पर्धेच्या प्रसिद्धी खात्यातल्या मुलीचा फोन आला. आवाज मधाळ. किपला ऑरिनबरोबर फोटो काढायचाय, गळ्यातली झोळी दिसली तर फारच छान, गाडी पाठवते. मी मार्लिसच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत होते. ऑरिन फोन कानाला लावून ऐकत होता. मला वाटलं, जाणार हा. टोपीही घालणार.

"आज नाही जमणार," तो म्हणाला. "आम्ही तळ्यावर चाललोय."

असा काही बेत नव्हता. मार्लिसने उठून सँडविच बांधायला घेतली. तळ्यावर तिने त्याच्या गळाला अळी लावून दिली, तिने दोर फेकला, आणि ऑरिन डाव्या हाताने काठी धरून बसला. हाड दुखतंय का, असं तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो हो म्हणाला. आमच्या घरात हे नवीनच होतं.

ती स्पर्धा किपने जिंकली नाही. कोणीतरी तिसराच जिंकला, नाव माझ्या लक्षात नाही. ऑरिनला माहीत असेल, पण मी विचारलं नाही.