मामाची परवानगी

आईला जाऊन आठवडा झाला त्या दिवशी कुमासी शहरातल्या आमच्या अंगणात शोकाच्या लाल-काळ्या कापडांची गर्दी होती. मी येईल त्याला पाणी देत होते आणि येण्याचं कारण विचारत होते. आमच्याकडे शोकाला आलेल्या माणसालाही ते विचारायचं असतं.

"कारणं दोन," म्हातारे न्यार्को म्हणाले. "एक तुझी आई. दुसरी ही."

ही म्हणजे त्यांची भाची दुफी. बाजारात शिवणकाम करायची. तिच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ होती आणि येत्या गुरुवारी माझी सर्जन आई तिची शस्त्रक्रिया करणार होती.

"परवानगी मी तुझ्या आईला दिली होती. ती गेली, तिच्याबरोबर परवानगीही गेली. हिला गावी नेतो."

"मामा, पण गाठ कुठे गेलीये?" दुफी हळूच म्हणाली.

आता शस्त्रक्रिया आईचा विद्यार्थी बाफूर करणार होता. तो शेजारीच उभा होता. "आजोबा, हिच्या नवऱ्यानं सही केलीये की," तो म्हणाला.

नेमकी हीच चूक आईनं परदेशातून शिकून आल्या आल्या केली होती. नवऱ्याची सही घेऊन ती निर्धास्त राहिली. शस्त्रक्रियेच्या सकाळी त्या बाईचा मामा आला आणि तिला खाटेवरून उठवून घेऊन गेला. आमच्यात बाई तिच्या माहेरच्या, आईकडच्या घराण्याची, शब्द मामाचा आणि नवरा परका, हे माझ्या आईला काय ठाऊक नव्हतं? पण त्या दिवसांत तिला शिकलेलंच आधी आठवायचं. ती बाई परतली तेव्हा गाठ फुटली होती, आणि आईच्या हाती करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढे सगळी उमर आई कोकोच्या मळ्यांतून मामांची घरं शोधत फिरली. बुटक्या स्टुलावर बसायची, समोर येईल तो फुफूचा, कुटलेल्या कंदांचा गोळा खायची. शस्त्रक्रियेचा विषयच काढायची नाही. "हिला काही दिवस जड उचलता येणार नाही, पाणी कोण भरेल?" एवढंच विचारायची. घरातल्या बायका मी भरेन, मी भरेन म्हणत भांडू लागल्या, की मामाच्या लक्षात यायचं, भाची जगणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

बाफूरचं ऐकून न्यार्को उठलेच. "नवऱ्याला विचारलंत? मग शेजाऱ्यालाही विचारा."

"खाली बस," मी बाफूरला म्हणाले. त्यानं चपला काढल्या, मोठ्यांपुढे उतरवतात तसं खांद्यावरचं कापड उतरवलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला.

न्यार्कोंनी त्याला निरखलं. "याला दाढी तरी येते का?"

"येते, आजोबा. डॉक्टरबाई रोज करायला लावायच्या."

दुफीला हसू आलं. न्यार्कोही पुन्हा टेकले.

"सुरी कोणी धरावी ते मला कळत नाही," ते मला म्हणाले. "पण तुझ्या आईनं शब्द दिला होता, पोरीला झोप लागेपर्यंत तिचा हात सोडणार नाही. तिच्या जागी आता कोण?"

आईच्या जागी लेकच. मी कॉलेजात साहित्य शिकवते, रक्त पाहिलं की मला घेरी येते.

"मी," म्हटलं.

त्यांनी पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं. "गुरुवारी किती वाजता?"

गुरुवारी शस्त्रक्रियेच्या खोलीत नेताना मला हिरवा झगा घातला, टोपी दिली. मी दुफीचा हात धरला; तिची बोटं शिवणाच्या सुयांनी खरबरीत झाली होती. आईचा हात मला शेवटी धरता आला नव्हता. दवाखान्यातून घरी येताना ती गाडीतच गेली.

"ताई, जेवलात का?" दुफीनं विचारलं. "दुःखाच्या घरी कुणी विचारत नाही."

"जेवेन."

"मामाला सांगा, उपाशी बसू नको म्हणावं. आधीच..." पुढचं बोलायच्या आत औषधानं तिचे डोळे मिटले. बाफूरनं मान हलवल्यावर मी तिचा हात चादरीवर ठेवला आणि बाहेर आले.

न्यार्को बाकावर ताठ बसले होते. मी निरोप सांगितला.

"उठल्यावर तिचं तिलाच सांगू दे," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी बाकावर जरा सरकले.