सातांची आरोळी

हॅरोज गली या आमच्या सोन्याच्या खाणींच्या दरीत सुरुंग पेटवण्याआधी बोगद्याच्या तोंडाशी येऊन किती बार भरलेत तो आकडा ओरडायचा असे. दरी इतकी अरुंद, की खालची चाळीसही घरं तो ऐकत आणि हातातलं काम थांबवून बार मोजत. आकडा भरला की खालून आरोळी येई, ‘सुटले!’ एक जरी बार कमी झाला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही.

त्या दिवशी मी ‘सात!’ असं ओरडलो. आत वाती पेटवत होता माझ्या धाकट्या बहिणीचा, टॅमसिनचा नवरा जेबेझ. उद्या सरकारी अधिकारी येणार होता. त्याला सोन्याची शीर दाखवता आली नाही तर बोगदा हातचा जाणार होता.

जेबेझ धावत बाहेर आला. सात बार झाले. खालून बायका ओरडल्या, “सुटले!”

धूर विरळ झाल्यावर आम्ही आत शिरलो. मेणबत्ती घेऊन जेबेझ पुढे.

“कोपऱ्यातली सोन्याची गारगोटी आज पडलीच म्हणून समजा, मेव्हणे.”

“कोपऱ्यात आपण भोक कुठं पाडलं होतं?”

“तुम्ही सकाळी पहारींना धार लावायला लोहाराकडे गेलात ना, तेव्हा मी पाडलं. तुमची वाट बघत बसलो असतो तर नाताळ उजाडला असता.”

मी जागीच थांबलो. “वाती किती पेटवल्यास?”

“आठ,” तो म्हणाला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मी मागून त्याचा पट्टा धरला. पण तेवढ्यात त्याला समोर काहीतरी पिवळं चमकताना दिसलं.

“विझली असेल हो ती वात. दहा पावलं फक्त! उद्या त्या साहेबाला काय दाखवायचं?”

“तुझं मढं दाखवू का?”

तो पुढे ओढत होता, मी मागे. शेवटी मी त्याच्या हातातली मेणबत्ती फटक्यानं उडवली. अंधार झाला. सोनं दिसेनासं झालं तेव्हा कुठे तो वळला.

भिंत चाचपडत आम्ही वळणापर्यंत पोचलो, तोच आठवा सुटला. वाऱ्याच्या लोटानं दोघांना तोंडावर आपटलं. मागे छत बराच वेळ कोसळत राहिलं.

रांगत बाहेर आलो तेव्हा टॅमसिन पिठाच्या हातांनी चढण चढून वर पोचली होती. तिनं आधी नवऱ्याला चाचपून पाहिलं. मग माझ्या थोबाडीत मारली.

“अगं, आठवा यानं भरला!”

“भरला असेल,” ती धापा टाकत म्हणाली. “आकडा तू ओरडलास ना, दादा? न मोजता?”