नवउजेड पार्टीची नोंद

स्वप्ना शेजवळ ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि फावल्या वेळात मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशाची संपादक. तिथं खऱ्या नावानं वावरायची सक्ती नव्हती. तिनं ‘तळटीप’ असं नाव घेतलेलं. नऊ वर्षांत शेकडो लेख तिच्या हाताखालून गेले, त्यातले निम्म्याहून अधिक तिनं उडवले. आधार दाखवा, नाहीतर लेख काढा, हा तिचा खाक्या. नवखे संपादक तिला ‘तळटीप सर’ म्हणत. तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही. त्या ‘सर’ची तिला गंमत वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही.

फेब्रुवारीत एका मंगळवारी, डबा खाता खाता, तिनं तपासणीची यादी उघडली आणि घास तोंडातच राहिला. तिसरंच नाव होतं : ‘नवउजेड गायन पार्टी, शहाड’.

ही पार्टी तिच्या घरचीच. तिची आत्या भीमाबाई मुख्य गायिका, वडील रामा ढोलकीवर. कल्याणजवळच्या शहाडच्या चाळीतून निघून ही माणसं बुद्ध-भीमगीतं गात उल्हासनगर, अंबरनाथ, पार मुरबाडपर्यंत जायची, टेम्पोच्या हौद्यात एकमेकांना टेकून. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. आत्या चौऱ्याहत्तरची झाली तरी अजून गात होती. लेख कोणी लिहिलाय हे कळायला स्वप्नाला दोन ओळी पुरल्या. आत्याचा मुलगा रत्नदीप डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर होता. मोबाइलवर अंगठ्यानं टाइप करून त्यानं अख्खं पान भरलं होतं. ‘भीमाबाईंचा आवाज ऐकला की माणूस जागचा हलत नसे.’ आणि खाली आधार म्हणून एक यूट्यूबची लिंक, पुढं दोन शब्द : ‘स्वतः पाहिलेले’.

नियम साधा होता. विषयाशी आपलं नातं असेल तर तसं सांगून बाजूला व्हायचं. ‘माझं या लोकांशी नातं आहे, मी मत देणार नाही,’ एवढी एक ओळ. स्वप्नानं ती ओळ टाइप केली. मग पुसली.

लेख ठेवायचा की काढायचा, याच्या चर्चेच्या पानावर ऋतुराज नावाच्या संपादकाचं मत आधीच पडलं होतं. ऋतुराज ठाण्याचाच, कोशाच्या एका कार्यशाळेत भेटलेला. तळटीप म्हणजे कोण हे माहीत असलेल्या दोघातिघांपैकी एक. त्यानं लिहिलं होतं, ‘असं चाललं तर उद्या गल्लीगल्लीतल्या मंडळांना पान द्यावं लागेल.’ खाली एक हसरा चेहरा. नातं आहे म्हटलं की त्याला कळणार, आणि त्याच्याकडून बाकीच्यांना. तिनं आपलं घर कधी लपवलं नव्हतं. पण कॉलेजात कोणी विचारलं की ती ‘कल्याणची’ म्हणायची, शहाडचं नाव घेत नसे. वडील काय करायचे, तर ‘कंपनीत होते’. तेही खरंच होतं. ढोलकी मात्र त्या उत्तरात कधी आली नाही.

तिनं लिहिलं, ‘स्वतंत्र, विश्वासार्ह आधार उपलब्ध नाही. गट वस्तीपुरता दिसतो. लेख काढावा.’

यातलं पहिलं वाक्य खोटं होतं. तिच्या टेबलापासून दहा पावलांवर, जुन्या स्थानिक साप्ताहिकांच्या फायलींत, १९९१च्या एका अंकात कल्याण परिसरातल्या गायन पार्ट्यांवर लेख होता. त्यात नवउजेडवर दीड पान. सोबत फोटो : मधोमध आत्या, शेजारी मांडीवर ढोलकी घेतलेले वडील आणि अगदी कडेला, हातात खंजिरी धरून उभी असलेली आठ वर्षांची स्वप्ना. ती फाइल तिनंच बाइंडिंगला दिली होती. त्या दुपारी ती कपाटासमोरून दोनदा गेली. उघडलं नाही.

रविवारी सकाळी रत्नदीप तिच्या डोंबिवलीच्या घरी हजर. हातात प्लास्टिकचं फोल्डर, आत चर्चेच्या पानाच्या प्रिंट.

“ताई, तू लायब्ररीतली, तूच काहीतरी सुचव. हा बघ, कोण तळटीप म्हणून आहे. नाहीच म्हणतो साला.”

“काय म्हणतो?” स्वप्नानं विचारलं आणि प्रिंटकडे बघायचं टाळलं.

“आधार नाही म्हणे. वस्तीपुरतं म्हणे. मी चार शिव्या घालणारच होतो, पण आई म्हणाली, तसं नको. शिकलेला माणूस आहे, त्याला नीट सांगितलं तर कळेल. स्वप्नाकडे जा, ती चांगलं लिहून देईल.”

स्वप्ना चहा ठेवायला उठली. गॅसपाशी उभं राहून तिनं ठरवलं, बाहेर जायचं आणि सांगून टाकायचं. चहा उकळला, तिनं तो गाळला, दोन कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “दे, बघू.”

आणि तिनं खरंच लिहून दिलं. रत्नदीपच्या मोबाइलवर, त्याच्या नावानं. ‘माननीय तळटीप सर, आपण नियमाला धरून बोलत आहात हे आम्हांला मान्य आहे...’

“कार्यक्रमाच्या पत्रिका गोळा करतोय, थोडी मुदत द्या, असंही लिही,” रत्नदीप म्हणाला. तिनं तेही लिहिलं. तो शेजारी बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

निघताना, दारात चप्पल घालता घालता त्याला आठवलं. “मामानं पेपरातलं एक कात्रण जपून ठेवलेलं, आठवतं तुला? दोन हजार पाचच्या पुरात गेलं. कुठला पेपर, कुठलं साल, आईलाही सांगता येत नाही. ते असतं ना ताई, तर या तळटीपचं तोंडच बंद केलं असतं.”

“हो ना,” स्वप्ना म्हणाली.

तो जिना उतरून गेला तरी ती दार धरून उभी होती. चर्चेत लिहिलेलं खोटं अनोळखी माणसांशी होतं. हे ‘हो ना’ रत्नदीपच्या तोंडावर म्हटलेलं होतं, आणि तिच्या वडिलांच्या कात्रणाबद्दल.

सोमवारी कॉलेजात गेल्या गेल्या तिनं कपाट उघडलं. दीड पानाची झेरॉक्स काढली आणि संध्याकाळी थेट शहाड गाठलं. भीमाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून ती खाटेवर बसली होती. रत्नदीप नुकताच कंपनीतून आलेला. स्वप्नानं कागद पुढं केला.

“अरे, हेच ते!” रत्नदीप ओरडला. “आई, कात्रण! मामाचा फोटो आहे बघ! ताई, कुठं मिळालं गं?”

“आमच्या लायब्ररीत.”

“आज शोधलंस?”

“शोधलं नाही. मला माहीत होतं. पहिल्यापासून.” ती अजून उभीच होती. “आणि ते तळटीप म्हणजे मीच आहे.”

रत्नदीप आधी हसला. मग तिच्याकडे बघून थांबला.

“वाच,” भीमाबाई म्हणाली.

“काय वाचू, आत्या?”

“तू काय लिहिलंस ते. माझ्या डोळ्यात औषध आहे.”

स्वप्नानं मोबाइल काढून वाचलं. तीन वाक्यं. एरवी संपादकांच्या जगात ती चोख वाटायची; या खोलीत ‘वस्तीपुरता’ म्हणताना तिची जीभ अडखळली.

“वस्तीपुरता,” भीमाबाई सावकाश म्हणाली. “बरं. का लिहिलंस?”

“नातं आहे म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, घरच्यांसाठी करते...”

“मग गप बसायचं. ‘नाही’ कशाला म्हणालीस?”

स्वप्नानं मोबाइल पर्समध्ये ठेवला. “लाज वाटली,” ती शेवटी म्हणाली.

“आमची?”

तिनं होकारार्थी मान हलवली. काळ्या चष्म्यामागून आत्याला ते दिसलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. म्हणून तिला ते तोंडानं म्हणावं लागलं. “हो.”

भीमाबाई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. “तुझ्या बापाला कळलेलं,” ती म्हणाली. “दहावीनंतर तू खंजिरीला हात लावला नाहीस, तेव्हाच तो म्हणालेला, पोरीला नको असेल तर ओढू नका. रडला नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी बदलापूरचा कार्यक्रम होता, तो केला आम्ही.”

रत्नदीपनं झेरॉक्स घडी न पाडता फोल्डरमध्ये सरकवली. “हे मी टाकू ना वर? की तेही तळटीपला विचारायचं?”

“मी टाकते,” स्वप्ना म्हणाली. “माझ्या नावानं.”

त्याच आठवड्यात तिनं चर्चेच्या पानावर सगळं लिहिलं : खरं नाव, नातं, फोटोत खंजिरी घेऊन कोण उभं आहे, अंक आपल्याच ग्रंथालयात असून तो दडवला, हे. लेख तपासण्याचा अधिकारही सोडला. तिला वाटलं होतं, लोक तुटून पडतील. झालं उलटंच. ‘असा प्रामाणिकपणा दुर्मीळ’, ‘सलाम, मॅडम’, अशा ओळींची रांग लागली. ऋतुराजचा फोन आला.

“काय गरज होती हो एवढं लिहायची? पण ग्रेट, मॅडम. आणि तुम्ही कधी बोलला नाहीत की तुम्ही...” वाक्य त्यानं अर्धंच सोडलं.

“नाही बोलले,” स्वप्ना म्हणाली.

ती कौतुकं तिला वाचवेनात. पळवलेली वस्तू परत ठेवली म्हणून लोक तिचा सत्कार करत होते, आणि ज्यांची वस्तू होती त्यांच्यापैकी कोणी तिथं नव्हतं.

लेख मात्र टिकला नाही. एक आधार मिळाला होता, दुसरा हवा होता. जुन्या पत्रिका म्हणजे स्वतःच छापलेल्या, त्या चालत नाहीत. महिनाभर स्वप्नानं दर शनिवारी थांबून फायली चाळल्या; दोन ठिकाणी ‘रात्री नवउजेड पार्टीचे गायन’ एवढीच जाहिरातवजा ओळ सापडली. मार्चअखेर निकाल लागला तेव्हा निर्णय देणाऱ्या संपादकानं मोठ्या अदबीनं लिहिलं, ‘तळटीप यांनीच पूर्वी एका चर्चेत स्पष्ट केल्याप्रमाणे, एकाच लेखाच्या आधारावर नोंद करता येत नाही.’ वाक्य तिचंच होतं, शब्दन् शब्द. तिनं रत्नदीपला कळवलं. उत्तर आलं, ‘ठीक.’ एरवी त्याच्या मेसेजची सुरुवात ‘ताई’नं व्हायची.

चौदा एप्रिलच्या संध्याकाळी चाळीपुढच्या मैदानात स्टेज लागलं होतं. आमंत्रण कोणी दिलं नव्हतं, पण जयंतीला आमंत्रण लागत नाही, अशी स्वतःची समजूत घालून स्वप्ना गेली. रत्नदीपनं तिला पाहिलं, खुर्ची पुढं केली आणि स्पीकरची वायर बघायला निघून गेला.

गाण्याआधी भीमाबाई पार्टीतल्या माणसांची ओळख करून देत असे, हयात असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. तिनं हार्मोनियमवाल्याचं नाव घेतलं, कोरसमधल्या दोघींचं घेतलं. मग म्हणाली, “माझा भाऊ रामा, ढोलकी.” दरवर्षी याच्यापुढं एक वाक्य ठरलेलं असायचं : त्याची पोरगी ठाण्याला कॉलेजात मोठ्या हुद्द्यावर आहे. आणि ते कानावर पडेल म्हणून दरवर्षी स्वप्ना मागच्या खुर्चीत अंग चोरून बसायची, नाहीतर यायचीच नाही. आज ती दुसऱ्या रांगेत बसली होती, मान वर करून.

भीमाबाई ‘ढोलकी’पाशीच थांबली, घोटभर पाणी घेतलं, सूर धरायला सांगितला आणि गायला सुरुवात केली.