पाचपट डोंगर

नगराध्यक्षांच्या गावाला डोंगररांग होती, म्हणजे ते म्हणत म्हणून. चार टेकाडं, मधे एक खिंड आणि टोकाला एक बोडका सुळका. बाकी सगळी तोंडपाटीलकी.

नगरपालिकेच्या सभागृहात ठेवायला या रांगेचं मातीचं मॉडेल करायचं काम मॉडेलवाल्या बाईंना मिळालं. बाईंनी मापात डोंगर केले. नगराध्यक्षांनी वाकून पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे काय? चादरीला सुरकुत्या पडल्यात की काय? आमचे डोंगर डोंगरासारखे दिसले पाहिजेत!"

बाईंनी मग धंद्यातली नेहमीची युक्ती केली. अंतरं तशीच ठेवून उंची तेवढी पाचपट वाढवली. बुटक्या डोंगरांना असं करावंच लागतं. खाली तशी पाटीही लावली, तर या शहाण्या नगराध्यक्षानं ती झाकायला तिच्यावर फुलदाणी ठेवली.

पुढच्याच महिन्यात खिंडीतून रस्ता काढायचा विषय सभेत आला. बाई मुद्दाम जाऊन बसल्या. त्यांचा जीव त्या रस्त्यात अडकला होता. खिंडीपलीकडे त्यांची आई एकटी राहायची, गुडघ्यांनी अधू. डोंगराला वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. रस्ता झाला असता तर दवाखाना आणि लेक, दोन्ही जवळ.

नगराध्यक्षांनी मॉडेलमधल्या खिंडीकडे बोट दाखवलं. "बापरे, हा चढ बघा! गाड्या उलट्या पडतील. रस्ता रद्द!" सदस्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या.

बाई ताडकन उठल्या. "अहो साहेब, उंची पाचपट आहे! तुम्हीच वाढवायला लावलीत ना? खरा चढ सायकलवरूनही चढता येतो!"

"हळू बोला, बाई," नगराध्यक्ष कानाशी येऊन म्हणाले. "परवाच पाहुण्यांसमोर या डोंगरांवरून मिशीला पीळ दिलाय. आता चारचौघांत त्यांना ठेंगणं करू?"

धन्य तो माणूस! रस्ता गेला, पीळ राहिला.

रविवारी बाई वळसा घालून आईकडे गेल्या. आई अंगणात बसली होती. समोर खिंडीतून शेजाऱ्याची म्हातारी शेळी रमतगमत उतरत होती.

"रस्त्याचं काय झालं गं?"

"नाही करणार. चढ फार आहे म्हणतात."

आईनं शेळीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "कुठल्या मेल्यानं दाखवला गं त्यांना चढ?"

बाईंनी आपले मातीचे हात पदराखाली घेतले.