सत्तेचाळिसावा कागद

हरीभाऊंनी सुरीचं बोथट टोक दोन कागदांच्या मधे हलकेच सरकवलं आणि श्वास रोखून वरचा कागद सोडवला. खालच्यावर शाईचा निळा डाग उतरला होता, पण अक्षर शाबूत होतं. ‘ओल्या काजूंची उसळ’. त्यांनी तो वर्तमानपत्रावर पसरला, कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या ठेवल्या आणि शेजारच्या वहीत लिहिलं : क्रमांक ४६. पाने एक. स्थिती बरी.

श्यामलाबाईंना जाऊन पाच महिने झाले होते. अलिबागच्या कोर्टात हरीभाऊंनी तेहतीस वर्षं जुन्या प्रकरणांचं दप्तर सांभाळलं होतं; स्वयंपाकघरात मात्र मीठ कुठे असतं तेही त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही वेळचा डबा शेजारच्या रतनकडून यायचा. एकदा आमटी अळणी लागली म्हणून मीठ शोधायला ते फडताळाशी गेले, तेव्हा पिठाच्या डब्यामागे हा पत्र्याचा डबा सापडला. आत बायकोच्या पाककृती कोंबलेल्या. कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिकांच्या पाठच्या बाजू, वाणसामानाच्या याद्या. ओलीनं कागद एकमेकांना चिकटले होते आणि बऱ्याच ठिकाणी कसर लागली होती. श्यामलाबाईंनी कधी वही केली नव्हती. ती आता हरीभाऊ करत होते. गोडाचं, तिखटाचं, उपासाचं, लोणची असे चार गठ्ठे, प्रत्येकाला लाल नाडी, मधे कडुनिंबाचा पाला, आणि सगळ्याची सुवाच्य नक्कल.

रतन रिकामा डबा न्यायला आला की पडवीतला हा पसारा बघत उभा राहायचा.

“काका, कोणासाठी करताय एवढं?”

“दप्तर कोणासाठी म्हणून ठेवत नाहीत,” हरीभाऊ म्हणाले. “ते नीट असावं लागतं, एवढंच.”

क्रमांक सत्तेचाळीस हाती आला आणि ते थांबले. हे अक्षर श्यामलाबाईंचं नव्हतं. रेघी वहीचं फाडलेलं पान होतं आणि उजव्या कोपऱ्यात तारीख घातली होती, खाली दोन रेघा ओढून. आधी तारीख, मग मजकूर, ही सवय त्यांनीच लावली होती, सात वर्षांच्या निवेदिताला शेजारी बसवून. तारीख पाच वर्षांपूर्वीची होती.

निवेदिता त्यांची एकुलती एक मुलगी. बारा वर्षांपूर्वी तिनं पोयनाडच्या पुढे खाडीकाठी राहणाऱ्या प्रज्योतशी लग्न केलं. मिठागरवाल्यांचं घर, प्रज्योतचे दोन ट्रक. हरीभाऊ रागावून ओरडले नव्हते. त्यांनी फक्त सांगितलं होतं की, या घरात ह्यापुढे तिचा विषय नको; आणि श्यामलाबाईंनी तो कधी काढला नाही. श्यामलाबाई गेल्या त्या दिवशी निवेदिता आली होती. वाडीच्या फाटकापाशी पोफळीला धरून उभी होती. हरीभाऊंनी तिला पाहिलं आणि मान फिरवली. तिरडी उचलल्यावर त्यांनी पुन्हा तिकडे पाहिलं, तेव्हा फाटकात कोणी नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले.

‘आई, सासूबाई करतात ते वालाचं बिरडं. आपली डाळिंब्यांची उसळच, पण गूळ नाही. सुकं खोबरं आणि कांदा चुलीवर भाजून घ्यायचा. चूल नसेल तर गॅसवर चालेल, फक्त करपू देऊ नकोस. बाबांसाठी केलंस तर लसूण निम्माच घाल. प्राप्तीसाठी मी तिखट घालायच्या आधी वाटीभर काढून ठेवते. आता ती स्वतःच्या हातानं जेवते. शेवटी त्यात’

पुढे कसरीनं खाल्लेलं भोक होतं, तळहाताएवढं.

हरीभाऊंनी कागद खाली ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला. प्राप्ती. मुलगी झाल्याचं त्यांना कुठून तरी कानावर आलं होतं. नाव माहीत नव्हतं.

आणि ती उसळ त्यांना आठवत होती. रविवार होता. पहिल्याच घासाला वेगळी लागली होती, दाट, भाजल्या खोबऱ्याच्या वासाची. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी पानावर बसून कधी बरंवाईट म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हणाले होते, “आता जमली तुला.” श्यामलाबाई आत गेल्या. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ चालू होता. त्यानंतर दर रविवारी तीच उसळ झाली.

त्यांनी वहीत लिहिलं : क्रमांक ४७. पाने एक. स्थिती अपूर्ण. त्या दिवशी अठ्ठेचाळिसावा कागद त्यांनी सोडवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तो एकच कागद फाईलमधे घातला, नाडी बांधली, धुतलेला शर्ट चढवला आणि नागावहून अलिबागला जाऊन पोयनाडची सहा आसनी मिनीडोर पकडली. पोयनाडच्या नाक्यावर रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, “थांबायचंय तुला. दहा मिनिटांचं काम आहे. एक कागद पुरा करून घ्यायचाय.”

घर खाडीच्या बांधाला लागून होतं. मागे जुनी मिठागरं, बरीचशी आता गवतानं भरलेली. ओट्यावर एक म्हातारी समोर परात घेऊन बसली होती. हरीभाऊ अंगणात उभे राहिले, तशी तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“नागावचे काय? शामलाबाईंचे?”

“हो. आपण ओळखलंत?”

“फोटो बघितलाय तुमचा. मी सखुबाई, प्रज्योतची आई. या, वर बसा.”

सखुबाईंनी पाणी आणून दिलं. हरीभाऊंनी तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायले नाहीत.

“फोटो कुठे पाहिलात?”

“त्याच दावायच्या. गुरवारी यायच्या ना. अकराच्या गाडीनं यायच्या, चारला जायच्या. हितंच बसायच्या, तुमी बसलाय तिथं.”

हरीभाऊ नकळत थोडे बाजूला सरकले. श्यामलाबाई गुरुवारी अलिबागला दत्ताच्या देवळात जायच्या. घरी आल्या की त्यांच्या हातावर पेढा ठेवायच्या.

“ती प्रसाद आणायची,” ते म्हणाले.

सखुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर परातीकडे वळवली.

“नाक्यावर दुकान हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “जाताना घ्यायच्या.”

बांधावर दोन बगळे उतरले. हरीभाऊंनी फाईलची नाडी सोडली, कागद काढून सखुबाईंसमोर धरला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, “ह्यातला शेवटचा भाग नष्ट झालाय. खोबरं भाजल्यानंतर, शेवटी काय घालायचं, तेवढंच हवं होतं.”

“मना वाचता न्हाय येत. काय हाय ते?”

“तुमचं बिरडं.”

सखुबाईंनी पदराला हात पुसले आणि कागदाच्या कडेवरून एक बोट फिरवलं.

“ह्या बिरड्यापायी तीन गुरवार आली शामलाबाई. लसून तुमाला सोसल का न्हाय, म्हनून हितं करून बघायची. मग एका रयवारी निवेदिताला फोन आला. तुमी चांगला म्हनलात, म्हनून. दोघी मायलेकी फोनवर रडत व्हत्या. मी बोलली, आता सांगा त्यांना, कुनाच्या घरचा हाय ते. ती बोलली, सांगीन. दिवाली झाली का सांगीन. होली झाली का सांगीन.” त्या थांबल्या. “मग आजारीच पडली.”

हरीभाऊंनी कागद फाईलवर ठेवला.

“तिला न्यायच्या दिवशी...” ते म्हणाले.

“मना पन यावाचा व्हता. निवेदिता बोलली, आई, नको. तुमी कशाला फाटकात उभ्या ऱ्हाताव.” सखुबाईंच्या आवाजात राग नव्हता. “पाच वरसं गुरवारी आमी एका ताटात जेवलो, भाऊ. तोंड बघाया मिलायला पायजे व्हता.”

हरीभाऊ समोर बघत राहिले. मग दोन्ही हात जोडले. नमस्कारासारखे वर नाही, गुडघ्यांवरच, आणि ते तसेच ठेवले. सखुबाईंनी मान दुसरीकडे वळवली आणि त्यांना तसं बसू दिलं.

अंगणाबाहेरून रिक्षावाल्यानं हाक मारली, “काका, झालं का काम?”

हरीभाऊंनी डोळे पुसले, खिशातून पेन काढलं. “शेवटी काय घालता, तेवढं सांगा. मी उतरवून घेतो.”

“मी न्हाय सांगनार,” सखुबाई म्हणाल्या. “जिनी लिवलाय तिला इचारा. पाचला येती ती शालेतून. पोरगी पन असती संगती.”

हरीभाऊंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले होते. ते उठले, चपला घातल्या आणि अंगण ओलांडून रिक्षापाशी गेले. रिक्षावाल्याशी काहीतरी बोलले. रिक्षा वळली आणि बांधाच्या रस्त्यानं दिसेनाशी झाली, तरी ते थोडा वेळ तिथेच पाठमोरे उभे राहिले. मग परत आले आणि मघाच्याच जागी बसले.

सखुबाईंनी परात दोघांच्या मधे सरकवली. तिच्यात मोड आलेले, कोमट पाण्यात भिजवलेले वाल होते.

“बसलाव तर सोला.”

हरीभाऊंनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पहिला वाल त्यांनी चिमटीत धरून दाबला, तसा तो सालीतून निसटून ओट्यावर पडला आणि दोन फाकांत सुटला. त्यांनी सखुबाईंकडे पाहिलं. सखुबाईंनी ते दोन्ही तुकडे उचलले, पाण्यात बुडवले आणि सोललेल्यांत टाकले. हरीभाऊंनी दुसरा घेतला.